वाचकांचे प्रश्न : व्हिएन्नाचे नाटककार-संपादक आडोल्फ बॉयर्ले

मागील अंकात बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीवर प्रसिद्ध झालेल्या लेखात आडोल्फ बॉयर्ले या ऑस्ट्रियन संपादकाचा ओझरता उल्लेख आला होता. त्या उल्लेखावरून मुंबईतील वाचकांनी बरीच पत्रे पाठवली. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : बीथोव्हनने आपली नवी सिंफनी बर्लिनऐवजी व्हिएन्नातच सादर करावी, असे विनंतीपत्र ज्या वृत्तपत्रात छापले गेले, त्याचे संपादक बॉयर्ले होते, एवढेच लेखात आले आहे. हे गृहस्थ मूळचे पत्रकार की नाटककार? आणि त्यांचे महत्त्व नेमके कशात आहे? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : ते दोन्ही होते आणि एकाच वेळी होते, त्यांच्या बाबतीत या दोन व्यवसायांची फारकत करताच येत नाही. 9 एप्रिल 1786 रोजी व्हिएन्नात जन्मलेल्या बॉयर्ले यांनी ऐन विशीत, 1806 साली, रंगभूमीला वाहिलेले ‘थिएटरत्साइटुंग’ हे पत्र काढले आणि ते अर्धशतकाहून अधिक काळ चालवले. पत्र निघाल्यानंतर लवकरच ते लिओपोल्डश्टाट थिएटर या लोकप्रिय नाट्यगृहाचे सचिव झाले. त्याच नाट्यगृहासाठी ते नाटके लिहीत आणि त्याच नाट्यगृहाच्या प्रयोगांची परीक्षणे त्यांच्या पत्रात छापून येत. आजच्या दृष्टीने हा हितसंबंधांचा उघड गुंता आहे, आणि त्याबद्दल त्यांच्या काळातही कुजबुज होती.

हे नाट्यगृह कुठे होते, ते समजून घेतले म्हणजे त्यांच्या लेखनाचा बाज समजतो. जुने व्हिएन्ना तटबंदीच्या आत होते. सम्राटाचे राजवाडे, सरदारांचे वाडे आणि दरबारी नाट्यगृहे तिथे होती. तटाबाहेरच्या उपनगरांत कारागीर, छोटे व्यापारी आणि नोकरवर्ग राहत असे, आणि त्यांच्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे स्वतंत्र नाट्यगृहे उभी राहिली. 1781 मध्ये सुरू झालेले लिओपोल्डश्टाट थिएटर त्यांपैकी एक. मुंबईकरांना हे चित्र अनोळखी वाटू नये. कोटाबाहेर ग्रँट रोडवर नाना शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर 1846 मध्ये नाट्यगृह उभे राहिले, आणि तिथेच 1853 मध्ये विष्णुदास भाव्यांच्या मंडळींनी मुंबईकरांना नाटके दाखवली. शहराच्या वेशीबाहेरच्या रंगमंचावर प्रेक्षकांची स्वतःची बोली, स्वतःची थट्टा आणि स्वतःची गाणी येतात. व्हिएन्नातही तेच घडले.

बॉयर्ले यांनी 80च्या आसपास नाटके लिहिली. त्यांतली बहुतेक आज कोणी वाचत नाही, आणि तसे होणे फारसे अन्यायाचेही नाही. पण 1813 सालच्या ‘व्हिएन्नाचे नागरिक’ या नाटकातून त्यांनी जे पात्र निर्माण केले, त्याने त्यांचे नाव टिकवले. त्याचे नाव श्टाबर्ल. तो छत्र्या बनवणारा कारागीर. नागरी पथकात दाखल झालेला, बढाईखोर पण भित्रा, सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसणारा, आणि प्रत्येक प्रसंगी ‘यातून मला काही मिळालं असतं तर!’ असे म्हणणारा. नेपोलियनच्या फौजांनी 1805 आणि 1809 अशी दोनदा व्हिएन्ना ताब्यात घेतली होती. युद्धाने पोळलेल्या त्या शहरात देशभक्तीचे हे नाटक आले, तेव्हा प्रेक्षकांच्या मनात त्यातले आदर्श नागरिक राहिले नाहीत, हा क्षुद्र आणि प्रेमळ छत्रीवालाच राहिला.

व्हिएन्नाच्या लोकरंगभूमीवर विदूषकाची परंपरा फार जुनी होती. पूर्वीचे हान्सवुर्स्ट किंवा कास्पर्ल हे विदूषक जत्रेतल्या सोंगांसारखे होते; त्यांच्या धंद्याला वा घरदाराला नाटकात फारसा अर्थ नसे. श्टाबर्लला मात्र धंदा आहे, शेजारी आहेत, पैशांची चणचण आहे, आणि आपण नागरिक आहोत हा अभिमानही आहे. लोकरंगभूमीवरचे हसू सोंगाकडून माणसाकडे वळले, ते याच टप्प्यावर. पुढे फेर्डिनांड रायमुंड आणि योहान नेस्ट्रॉय या दोन खऱ्या अर्थाने थोर नाटककारांनी व्हिएन्नाच्या साध्या माणसाला ज्या उंचीवर नेले, तिथे जाण्याची वाट बॉयर्ले, कार्ल माइस्ल आणि योझेफ आलॉइस ग्लाइश या त्रयीने तयार केली होती. रायमुंड हे स्वतःची नाटके लिहू लागण्यापूर्वी याच मंडळींच्या नाटकांत भूमिका करत असत, ही गोष्ट साहित्याचे इतिहास लिहिताना पुष्कळदा विसरली जाते.

श्टाबर्लची भूमिका प्रथम इग्नाट्स शुस्टर या ठेंगण्या, विलक्षण विनोदी नटाने गाजवली. त्यानंतर कार्ल कार्ल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नट-व्यवस्थापकाने हे पात्र उचलले, म्युनिकपर्यंत नेले, आणि श्टाबर्लवर नवनवी नाटके रचून घेऊन त्यावर चांगली कमाई केली. मूळ लेखकाला त्यातून काय मिळाले असेल? फारसे काही नाही. त्या काळी नाट्यगृह लेखकाला एकरकमी मानधन देई आणि संहिता छापली गेली की ती कोणीही रंगमंचावर आणू शके. नाटककाराच्या हक्कांना ऑस्ट्रियात कायद्याचे काही संरक्षण मिळाले, ते 1846 मध्ये. म्हणून केवळ नाटके लिहून पोट भरणे जवळजवळ अशक्य होते. रायमुंड आणि नेस्ट्रॉय हे नट होते, त्यावर त्यांचा संसार चालला. बॉयर्ले यांच्यामागे त्यांचे पत्र होते. त्यांचे संपादकपद म्हणजे नाटककाराने हौसेखातर केलेला जोडधंदा असे कोणी समजू नये. त्यांची खरी मिळकत आणि खरी सत्ता त्या पत्रातच होती.

प्रश्न : ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटर्निख याच्या राजवटीत वृत्तपत्रांवर कडक सेन्सॉरशिप होती, असे आम्हाला शिकवले जाते. मग हे पत्र इतकी वर्षे चालले कसे? बॉयर्ले यांनी सत्तेपुढे मान तुकवली, असे म्हणावे का? (नाट्यशास्त्राची एक विद्यार्थिनी, कालिना)

उत्तर : मान तुकवली, हे खरेच आहे, आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. पण त्या वाकण्यातून काय उभे राहिले, तेही पाहिले पाहिजे.

1817 पासून 1848 पर्यंत काउंट सेडल्नित्स्की हे पोलीस आणि सेन्सॉर खात्याचे प्रमुख होते. छापायची प्रत्येक ओळ आणि रंगमंचावर बोलायचे प्रत्येक वाक्य आधी त्या खात्याच्या नजरेखालून जात असे. नाटकाची संहिता मंजूर झाली तरी प्रयोगाला अधिकारी हजर राहून नट पदरचे काही बोलतो का, याकडे लक्ष ठेवत. 1836 मध्ये नेस्ट्रॉय यांनी भर प्रयोगात एका टीकाकाराचा पदरच्या वाक्याने उद्धार केला, त्याबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद भोगावी लागली. ज्या रंगभूमीचा प्राणच आयत्या वेळच्या विनोदात होता, तिच्यावर हे बंधन किती जाचक झाले असेल, हे आपल्याकडे तमाशातली बतावणी पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

राजकीय बातम्या देण्याची मुभा सरकारी वा सरकारधार्जिण्या मोजक्या पत्रांनाच होती. तेव्हा खासगी संपादकाला उरले काय? नाटके, संगीत, फॅशन, प्रवासवर्णने, गोष्टी, किस्से आणि शहरातल्या घडामोडी. बॉयर्ले यांनी हे उरलेले क्षेत्र इतके विस्तारले की त्यांचे पत्र ऑस्ट्रियातील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पत्रांमध्ये जाऊन बसले. हाताने रंगवलेली पोशाखांची आणि नाटकांतल्या प्रसंगांची चित्रे पत्राबरोबर येत, आणि साम्राज्याच्या दूरच्या शहरांतील प्रयोगांची वार्तापत्रेही असत. ज्या शहराला आपल्या सरकारविषयी एक शब्द उघडपणे बोलता येत नव्हता, ते शहर कोणती गायिका बेसूर झाली आणि कोणत्या नटाला किती वेळा पडद्यासमोर बोलावले, यावर तावातावाने भांडत होते, आणि त्या भांडणाची जागा म्हणजे बॉयर्ले यांचे पत्र. माझे मत असे की मत असण्याची, ते छापील शब्दांत मांडण्याची आणि दुसऱ्याचे खोडून काढण्याची सवय मध्यमवर्गीय व्हिएन्नाला या नाट्यपरीक्षणांनी लावली. 1848च्या मार्चमध्ये क्रांती होऊन सेन्सॉरशिप उठताच शेकडो पत्रके आणि वृत्तपत्रे एकाएकी निघाली. ती लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या माणसांची तयारी एका रात्रीत झालेली नव्हती.

बीथोव्हनचे प्रकरण याच संदर्भात वाचावे. 1824च्या फेब्रुवारीत त्याच्या चाहत्यांनी त्याला विनंतीपत्र दिले आणि एप्रिलमध्ये ते बॉयर्ले यांच्या पत्रात छापून आले. हे विनंतीपत्र त्याने स्वतःच लिहवून घेतले, अशी अफवा उठल्याने तो अतिशय चिडला. पण 7 मे 1824 रोजी नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग व्हिएन्नातच झाला. पाच वर्षांनी, 1829च्या ऑगस्टमध्ये, एकोणीस वर्षांचा पियानोवादक-संगीतकार शोपॅं व्हिएन्नात येऊन वाजवून गेला, तेव्हाही या पत्राने त्याची दखल घेतली. एका शहराच्या कानांनी या थोर कलावंतांना प्रथम कसे ऐकले, याची नोंद जिथे आढळते, ते पत्र केवळ चुटक्यांचे म्हणून बाजूला सारता येत नाही.

पत्राचे दोषही ठळक होते. स्तुती अघळपघळ असे, दरबाराविषयीची निष्ठा जागोजागी दाखवलेली असे, आणि चांगले परीक्षण विकत मिळते, असा आरोप समकालीनांनी वारंवार केला. मोरित्स गॉटलीब साफिर या तिखट लेखणीच्या विनोदकाराला बॉयर्ले यांनी पत्रात जागा दिली. त्याने अनेकांना दुखावले, वाचक वाढवले, आणि 1837 मध्ये स्वतःचे ‘हुमोरिस्ट’ हे पत्र काढून तो प्रतिस्पर्धी झाला. तोपर्यंत व्हिएन्नातली टीका पुष्कळदा व्यक्तिगत हेवेदाव्यांची झाली होती. राज्यकारभारावर लिहिता येत नसले की धारदार लेखण्या नटनट्यांवर चालतात, आणि ही इजा रंगभूमीला फार काळ भोवते.

प्रश्न : बॉयर्ले यांच्या एका नाटकात गोवळकोंड्याची राणी आहे, असे वाचनात आले. हे खरे का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : खरे आहे. 1822 साली रंगमंचावर आलेल्या त्या नाटकाचे नाव ‘आलीन, किंवा दुसऱ्या खंडातील व्हिएन्ना’. गोवळकोंड्याच्या राणीची ही कथा अठराव्या शतकातल्या फ्रेंच साहित्यातून आली होती आणि तिच्यावर ऑपेराही झाले होते. बॉयर्ले यांनी तिचे विडंबन करून आलीनला मूळची व्हिएन्नाची मुलगी केले. योगायोगाने ती गोवळकोंड्याच्या सिंहासनावर बसते, आणि जुना प्रियकर तिथे येतो, तेव्हा जादूच्या साहाय्याने त्याच्यासमोर साक्षात व्हिएन्नाचा परिसर उभा करते.

हा गोवळकोंडा आपल्याला ओळखता येणार नाही. कुतुबशाहीचा, भागानगरचा, 1677 मध्ये शिवाजी महाराज जिथे तानाशहाला भेटले तो हा प्रदेश नव्हे. हिऱ्यांच्या कीर्तीमुळे युरोपीय कल्पनेत चमकत राहिलेले ते एक नाव आहे. अशा नावांनी युरोपने पूर्वेकडचा स्वप्नातला देश रचला आणि त्यावर आपली हौस भागवून घेतली, याचा आपल्याला राग येणे स्वाभाविक आहे. पण या नाटकात पूर्वेपेक्षा व्हिएन्नाचेच कौतुक अधिक आहे. वेन्त्सेल म्युलर यांनी संगीत दिलेल्या या नाटकात रायमुंड आणि तेरेझे क्रोनेस या लाडक्या जोडीने गायलेले द्वंद्वगीत शहरभर झाले. परदेशात अडकलेला माणूस गाववाल्याला विचारतो की आपला प्राटर (व्हिएन्नातले मोठे उद्यान) अजून तसाच फुलतो का, आणि अशी राजधानी जगात एकच, व्हिएन्नाही एकच, असे पालुपद पुन्हापुन्हा येते. ही ओळ इतकी मुरली की चाळीस वर्षांनंतर, 1864 मध्ये, योहान श्ट्राउस यांनी आपल्या एका पोल्काला (नृत्यसंगीताच्या रचनेला) तिचेच नाव दिले. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसाला गावची हाक ऐकू येते, ती जात आपल्याला ठाऊक आहे. मायदेशात सुखरूप बसलेल्या प्रेक्षकांना त्यांच्याच शहराची ओढ दूर देशात नेऊन लावण्याची ही युक्ती मात्र मला फार कल्पक वाटते.

संगीत नाटकांच्या रसिकांनी याच लेखकाचे 1818 मधले ‘खोटी प्रिमाडोना’ (प्रिमाडोना म्हणजे ऑपेराची मुख्य गायिका) हेही नाटक लक्षात ठेवावे. अँजेलिका कातालानी या इटालियन गायिकेने त्या काळी सारा युरोप वेडा केला होता. बॉयर्ले यांनी त्या वेडाची खिल्ली उडवताना एका लहान गावात तोतया गायिका आणली, आणि ती भूमिका केली इग्नाट्स शुस्टर या पुरुष नटाने. प्रेक्षकांना ठाऊक असलेल्या गायिकेची नक्कल, वर पुरुषाचे सोंग, आणि बड्या पाहुणीपुढे लोळण घेणारे गावातले प्रतिष्ठित, असा तिहेरी मसाला त्यात होता.

प्रश्न : आपल्याकडे खाडिलकर आणि अत्रे हे नाटककार-संपादक होऊन गेले. बॉयर्ले यांना व्हिएन्नाचे खाडिलकर म्हणता येईल का? (एक निवृत्त शिक्षक, दादर)

उत्तर : म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यवसायांची जोडी सारखी आहे, पण त्या जोडीचा उपयोग अगदी उलट झाला. ‘केसरी’च्या परंपरेत घडलेल्या आणि 1923 मध्ये मुंबईत ‘नवाकाळ’ सुरू करणाऱ्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांना जे अग्रलेखात उघडपणे लिहिता येत नव्हते, ते त्यांनी 1907च्या ‘कीचकवधा’त पौराणिक पोशाख चढवून रंगमंचावर आणले. कीचकात लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीत पारतंत्र्यातला देश प्रेक्षकांनी अचूक ओळखला. सरकारनेही ओळखला आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. म्हणजे वृत्तपत्राची अडलेली वाट त्यांनी नाटकातून मोकळी केली. बॉयर्ले यांच्याकडे राजकारणाची अशी आचच नव्हती. त्यांचे नाटक सेन्सॉरला खुपत नसे, आणि त्यांचे पत्र राजकारण नसलेल्या जगातच वाढले.

त्याचा पुरावा 1848 ने दिला. क्रांतीच्या वर्षी त्यांनी पत्राचे नाव बदलून ‘ऑस्ट्रियन कुरियर’ केले आणि राजकीय पत्र चालवण्याचा प्रयत्न केला, पण तो मोठासा फळला नाही आणि पुढे त्यांना जुन्याच नावाकडे परतावे लागले. चर्चेची गरज भागवणारी दुसरी पत्रे आता आली होती. त्यांचे जुने नाट्यगृहही उरले नव्हते. श्टाबर्लवर कमाई करणाऱ्या कार्ल कार्ल यांनी ते 1838 मध्ये विकत घेतले होते आणि 1847 मध्ये पाडून त्या जागी नवे बांधले होते. रायमुंड 1836 मध्येच गेले होते.

आचार्य अत्र्यांशी तुलना करायची, तर विनोदाची आवड आणि वाचकाची नाडी ओळखण्याची हातोटी एवढ्यापुरतीच करता येईल. ‘मराठा’च्या पानांतून एका आंदोलनाचा आवाज उमटला, तशी जबाबदारी बॉयर्ले यांनी कधी अंगावर घेतली नाही.

मात्र उतारवयात त्यांनी एक मोलाचे काम केले. 1850 नंतर ओट्टो हॉर्न या टोपणनावाने त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी एक रायमुंड यांच्यावर, तर एक 1830 मध्ये ऐन तिशीच्या उंबरठ्यावर वारलेल्या तेरेझे क्रोनेस या अभिनेत्रीवर. तिच्या निकटचा एक पोलिश सरदार खुनाच्या गुन्ह्याबद्दल 1827 मध्ये फासावर गेला होता, आणि त्या प्रकरणाची सावली तिच्यावर शेवटपर्यंत राहिली. या कादंबऱ्यांतला तपशील इतिहास म्हणून जसाच्या तसा घेता येत नाही, कारण लेखकाला रंग भरण्याची सवय होती. तरी नाट्यगृहाच्या पडद्यामागचे जग, नटांची भांडणे, उधारी, आजारपणे आणि लोकप्रियतेची नशा हे सारे त्यांनी आतून पाहिले होते. त्यांच्या पत्नी कातारिना एनॉक्ल यादेखील त्याच रंगमंचावरच्या गुणी अभिनेत्री होत्या. 1858 मध्ये बॉयर्ले यांच्या आठवणींचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. पुढचे लिहून होण्याआधीच कर्जाने त्यांना गाठले. 1859 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळे त्यांना व्हिएन्ना सोडून स्वित्झर्लंडला पळावे लागले, आणि त्याच सप्टेंबरात बाझल येथे त्यांचा मृत्यू झाला. जगात व्हिएन्ना एकच, असे गाणे ज्यांच्या नाटकाने घराघरात नेले, त्यांच्यावर परक्या गावी मरण्याची वेळ यावी, याचे मला आजही वाईट वाटते. त्यांच्यामागे पत्रही फार टिकले नाही. 1860 मध्ये ते बंद पडले.

प्रश्न : बॉयर्ले यांचे पत्र किंवा नाटके मुंबईत बसून वाचता येतील का? (नाट्यशास्त्राची तीच विद्यार्थिनी, कालिना)

उत्तर : येतील, पण जर्मन भाषेतच. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या वृत्तपत्रांचे अंक ‘आनो’ या संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले आहेत आणि त्यात ‘थिएटरत्साइटुंग’ही आहे. अंक जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापलेले असल्यामुळे जर्मन येणाऱ्यालाही सुरुवातीला अडखळायला होते. काही पाने धीराने वाचल्यावर डोळा बसतो. सुरुवात 1824च्या एप्रिल आणि मे महिन्यांच्या अंकांपासून करावी, कारण बीथोव्हनचे प्रकरण आपल्या परिचयाचे असल्याने संदर्भ लागत जातील. नाटकांपैकी ‘आलीन’ आधी घ्यावे. ‘व्हिएन्नाचे नागरिक’ बोलीभाषेमुळे अवघड जाते. जर्मन शिकायची असेल तर आपल्या विद्यापीठातील जर्मन विभाग कालिन्यातच आहे, आणि काळा घोडा येथील मॅक्सम्युलर भवनातही वर्ग चालतात. तिथले ग्रंथालयही पाहून यावे.